आधी ठिणगी, मग गॅस

दत्तजयंतीच्या आधीचा रविवार, सकाळची वेळ. जागा: बाईंचं स्वयंपाकघर आणि नंतर अंगण. हजर: स्वतः बाई, पनवेलहून आदल्या संध्याकाळी आलेला त्यांचा मुलगा आणि सून, शेजारच्या वाडीतल्या मावशी, आणि मी, बाईंच्या शाळेतली हेडक्लार्क. विषय एकच: बाईंनी यापुढे या घरात एकटीनं राहायचं की नाही.

हे इतिवृत्त लिहायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पण चार माणसं एका जागी बसून काही ठरवायला लागली की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. बाई मला यावरून चिडवत. "ही आली आमची यादीबाई," म्हणायच्या. "हिला स्वर्गात पाठवा, तिथेही देवांची हजेरी घेईल."

बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवत. मी नोकरीला लागले तेव्हा त्या अर्धं आयुष्य शिकवून झालेल्या होत्या. बोर्ली पंचतनच्या बाजाराला त्या जायच्या तेव्हा भाजीवाल्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत निम्मी माणसं त्यांचे विद्यार्थी निघत. मुलं मागून त्यांना 'व्होल्टबाई' म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कोणीतरी ते नाव लिहून ठेवलं. बाईंनी ते पुसलं नाही. खाली लिहिलं, 'एकक बरोबर. राशी कोणती ते सांगा.' आणि तास सुरू केला.

दिसायला किरकोळ. अंबाडा छोटा, आणि त्या अंबाड्यात आकड्याच्या जागी एक स्क्रूड्रायव्हर खोचलेला. लाकडी मुठीचा, टोकाला चपटा. पहिल्या दिवशी मला वाटलं, विसरून राहिला असेल. तसं नव्हतं. पाहुण्यांकडे जातानासुद्धा तो तिथेच असे. हळदीकुंकवाला एका बाईनं विचारलं, "हे काय हो डोक्यात?" तर म्हणाल्या, "तुमच्या दाराची कडी मघाशी सैल वाटली. जाताना आवळून जाते." आणि खरंच आवळून आल्या.

दुसरी तऱ्हा अशी की त्या यंत्रांशी अहो-जाहो करत. माणसांना, मुख्याध्यापक सोडले तर, सरसकट 'अरे' आणि 'अगो'. पण मिक्सर "आज जरा रागावलेत", पंपाचे "पाय दुखतायत", आणि शाळेच्या घंटेला, जी विजेवर झाल्यापासून कधीच वेळेवर वाजत नसे, "आमच्या ह्यांना वेळेचं भान नाही" म्हणत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माणूस खोटं बोलतो. यंत्र बिघडलं तर बिघडलं म्हणून सांगतं. मग मान कोणाला द्यायचा?"

प्रयोगशाळेत एक जुनं इंडक्शन कॉइल होतं. लाकडी पेटीएवढं, वर दोन पितळी गोळे. बटण दाबलं की गोळ्यांच्या मधल्या फटीत निळी ठिणगी उडे आणि पहिल्या बाकावरची मुलं मागे सरकत. बाई त्या कॉइलला 'कॉइलबाई' म्हणत आणि दर शनिवारी स्वतः पुसत. एका वर्षी भंगारात काढायच्या सामानाची यादी मी केली, त्यात कॉइलचं नाव घातलं, कारण सामानाच्या नोंदवहीत ते नादुरुस्त लिहिलेलं होतं. सहीसाठी कागद बाईंकडे गेला. त्या कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "चल." प्रयोगशाळेत नेलं, मला स्टुलावर बसवलं, आणि बटण दाबलं. ठिणगी उडाली. "ह्या नादुरुस्त?" मी नाव खोडलं. वरिष्ठांकडे ती यादी खाडाखोड केलेली गेली, माझ्या नोकरीतली ती एकमेव.

आता विषयाकडे.

निवृत्तीनंतर बाई आपल्या वाडीतल्या घरात राहत होत्या. नारळ-सुपारीची वाडी, मागे विहीर, पुढे अंगण आणि त्यापलीकडे समुद्राचा आवाज. यजमान आधीच गेलेले. मुलगा पनवेलला कंपनीत. मग कंपवात सुरू झाला. आधी उजव्या हाताची बोटं, मग दोन्ही हात. बशी कपाला लागून वाजायला लागली तेव्हा त्यांनी बश्या कपाटात ठेवून दिल्या आणि वाटीतून चहा प्यायला लागल्या. फार बोलल्या नाहीत. "हाताला स्वतःचं इंजिन लागलंय," एवढंच.

खरी अडचण काडीपेटीची झाली. आमच्या किनाऱ्यावर आगपेटी पावसाळ्यात अशीही जगत नाही. खारी ओल लागते, काडीच्या टोकाचं गूल मऊ पडतं. बाई पेट्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवत. पण पेटी कोरडी राहिली तरी ओढायला दोन हात लागतात, आणि ते दोन्ही एकमेकांचं ऐकेनात. बाजारात मिळतो तो टकटक वाजणारा गॅसचा लायटर घेऊन पाहिला, तर तो दाबायला अंगठ्यात जोर हवा. श्रावणात एका सकाळी काडीचं जळतं डोकं तुटून पदरावर पडलं. पदराला भोक पडलं, बाईंनी लगेच पाण्यात बुडवला, बाकी काही झालं नाही.

हे मुलाला कोणी सांगितलं? बाईंनीच. त्याच संध्याकाळी फोन करून. मी म्हटलं, "बाई, कशाला सांगितलंत? आता तो तुम्हाला इथे राहू देईल का?" तर म्हणाल्या, "निरीक्षण लपवायचं नसतं गो. निष्कर्ष आवडला नाही तरी."

मुलाचा निष्कर्ष व्हायचा तोच झाला. दिवाळीनंतर येतो, सामान आवरून तुला घेऊन जातो, म्हणाला. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. असा फोन आला तर कोणाचंही काळीज हलेल. बाईंनी फक्त एवढं मागून घेतलं, की नेण्याआधी एकदा माझी परीक्षा घे. नापास झाले तर बॅग भरते. पनवेलच्या फ्लॅटबद्दल त्या वाईट कधीच बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "तिथे सगळं चांगलं आहे. मला करण्यासारखं काही उरलेलं नाही, एवढंच."

मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. अडचण: दोन हात लागतात, जोर लागतो, वाऱ्यात विझतं. हवं: एका हातानं चालणारं, हलकं, न विझणारं. माणगावला शाळेच्या कामाला गेले होते तेव्हा एसटी स्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात मला ते दिसलं. चार्जिंगचा लायटर. लांब मानेचा, टोकाला दोन बारीक काटे. दुकानदारानं बटण सरकवलं, आणि दोन काट्यांच्या मध्ये जांभळी रेघ उभी राहिली, चिं असा बारीक आवाज करत. त्यानं वर पंखा लावून दाखवला. रेघ विझली नाही.

बाईंच्या हातात दिला. त्यांनी बटण सरकवलं, पाहिलं, आणि मोठ्यानं हसल्या. "अगो, ह्या आपल्या कॉइलबाई! किती वाळल्या!"

मग अंबाड्यातला स्क्रूड्रायव्हर काढला. मी म्हटलं, "बाई, वॉरंटी आहे." म्हणाल्या, "वॉरंटी म्हणजे उघडू नये म्हणून दिलेली लाच." पण त्यांचा हात स्क्रूवर टेकेना. तीनदा घसरला. चौथ्यांदा त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या हातात आला. त्यांनी बोटानं दाखवलं, मी उघडलं.

आत होतं ते त्यांनी सांगितलं तसं सांगते, कारण त्यापेक्षा सोपं मला येत नाही.

सगळ्यात मोठा भाग सेलचा, मोबाईलमध्ये असतो त्याच जातीचा. त्याचा जोर चार व्होल्टसुद्धा नाही. एवढ्याशा जोरावर वीज दोन काट्यांमधली फट ओलांडू शकत नाही, कारण हवा म्हणजे विजेला भिंत. म्हणून जोर वाढवायचा. तो वाढवायला तारेची दोन वेटोळी एकमेकांना चिकटून बसवलेली असतात. एकाला वेढे थोडे, दुसऱ्याला शेकड्यांनी. पहिल्यातली वीज बदलली की दुसऱ्यात जोर चढतो. पण सेलची वीज सरळ, एकसारखी. ती बदलत नाही, म्हणून दुसऱ्या वेटोळ्याला तिचा पत्ताच लागत नाही. तेव्हा मध्ये एक बारीकसा पहारेकरी ठेवलेला असतो. तो डोळ्याची पापणी लवायच्या आत हजारो वेळा दार उघड-बंद करतो. "आपल्या कॉइलबाईंच्या वेळी हे काम एक लोखंडी पट्टी टकटक हलून करायची," बाई म्हणाल्या. "आता हलतं असं काहीच नाही. तो चिं आवाज ऐकतेस ना? ती त्या उघड-झाकीची चाहूल."

असा जोर हजारोंच्या घरात गेला की हवेची भिंत फुटते. इथे त्यांनी दिघीच्या खाडीचा दाखला दिला. "समज, खाडीवरची तर, माणसं नेणारी होडी, बंद आहे आणि माणसांना पलीकडे जायचंय. पहिला जो जातो त्याला पोहण्याचा दम लागतो. पण तो कमरेला दोर बांधून गेला, तर मागच्यांना पोहावं लागत नाही. ते दोर धरून जातात. हवेतनं वीज पहिल्यांदा जाते तेव्हा हवेच्या कणांचे तुकडे करत जाते. ते तुकडे म्हणजे दोर. मग त्या वाटेनं वीज सहज जात राहते, आणि ती वाट इतकी तापते की कागद धरलास तर पेटतो."

"आणि वाऱ्यानं का विझत नाही?"

"ज्योत म्हणजे जळती वाफ. वारा वाफ उडवून नेतो. इथे उडवायला वाफच नाही. वाऱ्यानं दोर हलवला, तर पुढच्या क्षणी नवा दोर पडतो."

एवढं झाल्यावर मी लायटर बंद केला, चारही स्क्रू आवळले. त्या संध्याकाळपासून बाईंचा सराव सुरू झाला.

सराव म्हणजे कसा, तर शाळेतला पांढरा प्रयोगशाळेचा कोट घालून. पदर कोटाच्या आत. कोपर ओट्याच्या कडेवर टेकवायचं, मनगट शेगडीच्या स्टँडवर. "कंप मनगटात असतो, कोपरात नाही. टेकू दिला की निम्मा जातो." एका हातानं आधी बटण सरकवायचं, रेघ उभी राहिलेली डोळ्यांनी पाहायची, काटे बर्नरपाशी न्यायचे, आणि मगच दुसऱ्या हातानं गॅसची कळ उघडायची, थोडीशी. "आधी ठिणगी, मग गॅस," हे त्या प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणत, पाढ्यासारखं. रोज. चहा नको असला तरी. लायटर रविवारी दिवसा चार्जिंगला लागे, दगडी ओट्यावर स्टीलच्या ताटलीत, शेगडीपासून लांब, आणि बाई समोर पेपर वाचत बसलेल्या. "झोपताना लावून ठेवू नये," म्हणत. "सेल थकलेले असले तर तापतात. पाहुण्याला एकटं सोडत नाहीत."

मावशींना हे सगळं फार गमतीचं वाटे. त्या शेजारच्या वाडीत सुपारी सोलायच्या आणि येता-जाता बाईंकडे डोकावत. लायटर पहिल्यांदा पाहिला तेव्हा कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काडी न्हाय, तेल न्हाय, आत गॅसबी न्हाय म्हनता. मंग जळतंय काय, बाई?" बाई म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे. सांगेन." मावशींनी तो लायटर मग मधूनमधून उसना न्यायला सुरुवात केली.

आणि अशा रीतीनं आपण त्या रविवारी सकाळी पोचतो.

मुलानं खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढून घेतली होती. सून ओट्याशेजारी. मावशी मागच्या दारात, मी खिडकीपाशी. मुलगा म्हणाला, "आई, फार काही नको. पाच कप चहा. आम्ही कोणी हात लावणार नाही."

बाईंनी कोट घातला. पातेलं ठेवलं, पाणी ओतलं. थोडं सांडलं, ते पुसलं. कोपर टेकवलं. "आधी ठिणगी," म्हणाल्या, आणि बटण सरकवलं.

चिं आवाज आला. रेघ नाही.

पुन्हा सरकवलं. आवाज तेवढा. काट्यांच्या मध्ये काही नाही. बाईंनी लायटर डोळ्यांसमोर धरला. तो हलत होता, त्याच्यामागे त्यांचा चेहरा स्थिर होता. "आज ह्यांचा घसा बसलाय," म्हणाल्या. दुसरा हात कळीवर गेला नव्हता.

मुलगा उठला. त्याच्या तोंडावर जिंकल्याचा भाव नव्हता, हे सांगायला हवं. त्याला आईचं ते उभं राहणं बघवेना, इतकंच. "दे इकडे," म्हणाला, लायटर आईच्या हातातून घेतला, कळ पूर्ण फिरवली आणि बटण सरकवलं. काही नाही. झटकला. पुन्हा बटण सरकवलं. "सेल गेलाय ह्याचा." तळहातावर आपटला. पुन्हा. गॅस सूं करत चालूच होता. वास आमच्यापर्यंत आला. सूनबाईंना तो आधी जाणवला असावा. त्यांनी एक्झॉस्ट पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"बोर्डाला हात लावू नकोस!"

तो आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला. दहावीच्या वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. सूनबाईंचा हात हवेतच राहिला. बाई पुढे झाल्या. "बटण सोड. लायटर मला दे." मुलानं दिला. त्या थरथरत्या हातानं कळ पहिल्या झटक्यात बंद केली. मग वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर. "खिडकी उघड," हे मला. "दार सताड उघड," हे मावशींना. "आणि सगळे बाहेर. कोणी दिवा नाही, पंखा नाही, फोन नाही."

आम्ही पाचही जण अंगणात येऊन उभे राहिलो, आग लागल्याच्या सरावाला वर्ग बाहेर काढावा तसे. मुलगा पांढरा पडला होता.

"किती वेळ कळ उघडी होती?" बाईंनी विचारलं.

"असेल... लक्षात नाही."

"हं." बाई झोपाळ्यावर बसल्या. "तुझा हात मात्र हलत नाही, हे खरं."

सूनबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते पदराआड नेलं. मुलगा म्हणाला, "पण आई, लायटर चालला नाही हे खरंच ना? उद्या असाच बंद पडला तर?"

"तर मी कळ उघडणार नाही. आज उघडली का?"

बाईंनी लायटर उन्हात धरला आणि मला काट्यांची टोकं पाहायला सांगितली. दोन्ही काट्यांच्या मुळाशी काळी, तुकतुकीत साय धरली होती. "तेल," बाई म्हणाल्या. "तेलाची काजळी धरली की वीज हवेतून उडी मारत नाही, काजळीवरून सरपटत जाते. सोपी वाट मिळाली की कोण उडी मारेल? माझ्याच हातून लागलं असेल कुठेतरी."

त्यांच्या हातून लागलं नव्हतं. त्या लायटरनं कधी दिवा लावतच नसत. दिव्यासाठी कागदाची सुरळी पेटवून घेत. हे मला ठाऊक होतं, आणि त्यांना तर होतंच. सगळ्या जगात त्या दिवशी त्यांना एकच गोष्ट परवडणारी नव्हती, ती म्हणजे स्वतःवर चूक घेणं. ती त्यांनी घेतली.

मावशी पुढे आल्या. "बाई, खोटं कशाला बोलता? मीच काल नेला व्हता. दिवेलागनीला समई लावली. वात तेलात बुडालेली, पेट घेईना, म्हून धरून ठेवला आतमंदी." मुलाकडे वळून म्हणाल्या, "तिला काय बोलू नको रे. मना बोल."

"तुला कोण बोलतंय गो," बाई म्हणाल्या. "दिवा लागला ना?"

"लागला की. सातही वाती."

"मग झालं."

आता पुढचं. बाईंनी आतून जुना टूथब्रश मागवला, यंत्रं पुसायचा. सूनबाई गॅसचा वास ओसरलाय का बघून आतून तो घेऊन आल्या. बाईंनी ब्रश मुलापुढे धरला. दोघांच्या मध्ये तो हलत राहिला.

"मला हे बारीक काम होत नाही आता," त्या म्हणाल्या. "तू कर."

त्याच्याकडून त्यांनी मदत मागितलेली मी पहिल्यांदाच पाहिली. तो पायरीवर बसला आणि काटे घासायला लागला. आधी घाईनं. मग बाई म्हणाल्या, "ओला नको, कोरडाच. आणि मुळापासून टोकाकडे," तेव्हा हळू. त्याच्या नखांत काजळी गेली. मावशी त्याच्या डोक्यावर वाकून बघत होत्या.

"ह्याच्यात जळतंय काय, ते तरी सांगा आता," मावशी म्हणाल्या. "वेळ हाय."

बाईंनी सांगायला सुरुवात केली. सेल, दार उघड-बंद करणारा पहारेकरी, थोड्या वेढ्यांचं आणि खूप वेढ्यांचं वेटोळं. मुलगा घासता घासता ऐकत होता. मी त्याच्याकडे बघत होते. हा मुलगा शाळेत आईच्या वर्गात कधी बसला नाही; मुद्दाम दुसऱ्या तुकडीत घातला होता, कोणी पक्षपात म्हणू नये म्हणून. आईचा तास तो बहुधा पहिल्यांदा करत होता.

वेटोळ्यांपर्यंत आल्यावर बाई थांबल्या. "पुढचं हवेचं आहे. ते हा सांगेल."

"मी?"

"पुढच्या वेळी येशील तेव्हा. तू सांगायचंस, मी ऐकणार. यादीबाई, लिही."

मी लिहिलं.

त्यानं बटण सरकवलं. जांभळी रेघ उभी राहिली, सरळ, चिं करत. समुद्राकडून वारा येत होता, सुपारीची झापं हलत होती, रेघ तशीच होती. मावशींनी हात जोडले. बाई म्हणाल्या, "आता आत जाऊन वास घ्या. खाली वाकून. गॅस जड असतो, जमिनीशी बसतो." सूनबाई ओणव्या होऊन सगळं स्वयंपाकघर फिरल्या. वास नव्हता. तरी बाईंनी आणखी थोडं थांबवलं.

मग त्या पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहिल्या. कोपर, मनगट. "आधी ठिणगी." रेघ आली. "मग गॅस." निळी फुलं बर्नरभर उमलली, आवाज न करता. पाच कप चहा झाला. साखर जास्त होती, पण त्याचा परीक्षेशी संबंध नव्हता.

मुलानं चहा संपवला. कप खाली ठेवला, शेगडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "नळी कडक झालीय. बोर्लीला मिळेल ना? बदलूनच जातो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी 'निर्णय' असं लिहून पुढे तेवढंच लिहिलं: नळी बदलणे. सगळ्यांना कळलं.

बाकी गोष्टी जेवताना ठरल्या. मावशींनी सकाळ-संध्याकाळ डोकावायचं. एक जादा लायटर चार्ज करून कपाटात. मावशींसाठी वेगळा, आणि सोबत कागदाच्या सुरळ्या. सिलिंडरचा रेग्युलेटर रात्री बंद. नव्या साड्यांचे पदर आखूड. हे शेवटचं सूनबाईंनी सुचवलं आणि बाईंनी हसून मान्य केलं.

बाई त्या घरात शेवटपर्यंत राहिल्या. स्क्रूड्रायव्हर शेवटपर्यंत अंबाड्यात होता, जरी तो चालवायला दुसऱ्याचे हात लागत. ज्याचे लागतील त्याला त्या शिकवून टाकत. त्यांच्यामुळे आज आमच्या आळीत तीन बायका स्वतःचे मिक्सर उघडतात. मुलगा जमेल तसा येई. दर वेळी बाई विचारत, "काय रे, हवेचं?" आणि तो म्हणे, "पुढच्या वेळी आई, नक्की." त्या हसत. घाई त्यांना कधीच नव्हती.

गेल्या वैशाखात एका दुपारी त्या झोपाळ्यावर पेपर घेऊन बसल्या आणि तिथेच गेल्या. मावशी डोकावल्या तेव्हा पेपर हातातच होता. मावशींनी मला फोनवर सांगितलं, "पेपर हालत नव्हता, म्हून कळलं."

घराची चावी आता माझ्याकडे आहे. बाईंचे दिवस झाल्यावर मुलानं सामान आवरलं नाही, घर विकायचंही काढलं नाही. फक्त लायटर खिशात घातला आणि जाताना विचारलं, "ताई, तुमच्या त्या यादीत माझं काय राहिलंय?" मी काढून दाखवलं. नळी, मावशींचा लायटर, जादा लायटर, सगळ्यांवर खूण होती. एकावर नव्हती.

परवा त्याचा फोन आला. रात्री बसून वाचतो म्हणाला. इथून नेलेला आईचा लायटर त्यानं उघडला आहे. "वेटोळ्यांपर्यंत नीट सांगता येतं आता. पुढे अडतो. तुम्हाला येतं ना ताई? आईनं तुम्हाला सांगितलं असेल."

मला येतं. खाडी, तर, दोर, सगळं येतं. पण ते काम माझ्या नावावर नाही. मी म्हटलं, "अंगणात येऊन सांगा. ऐकायला आम्ही दोघी आहोत."

मावशींना निरोप दिला. त्या सुपारी सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "येऊ दे. माझा प्रश्न तसाच हाय."

दत्तजयंतीच्या आधीच्या रविवारी तो येणार आहे. झोपाळा पुसून ठेवला आहे, रेग्युलेटर तपासला आहे, दूध सांगितलं आहे. राहिलेलं काम एकच: मुलानं हवेचं समजावून सांगणे.